जो क्यूबर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जो क्यूबर्ट कोण, हे थोडक्यात सांगाल?

अमेरिकन कॉमिक्सचे चित्रकार, संपादक आणि शिक्षक. जन्म १८ सप्टेंबर १९२६, तेव्हाच्या पोलंडमधल्या आणि आताच्या युक्रेनमधल्या एका गावात. तान्हे असतानाच आईवडील त्यांना घेऊन अमेरिकेला आले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहिले. वडिलांचा खाटकाचा धंदा होता. शाळकरी वयातच जो चित्रांची वही घेऊन कॉमिक्सवाल्यांच्या स्टुडिओत जाऊन बसू लागले आणि १९४२ मध्ये, म्हणजे सोळावं संपायच्या आत, त्यांचं काम छापून आलं. १२ ऑगस्ट २०१२ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, अस्थिमज्जेच्या कर्करोगाने ते गेले तेव्हाही त्यांच्या हातात अर्धवट काम होतं. मधली सत्तर वर्षं त्यांनी चित्रं काढली, दुसऱ्यांची चित्रं संपादित केली आणि १९७६ पासून ती कशी काढायची हे शिकवलंही.

लोक त्यांना त्यांच्या रेघेसाठी ओळखतात. आमचं म्हणणं असं, की रेघ ही त्यांची सर्वांत सहज दिसणारी गोष्ट आहे, सर्वांत मोठी नव्हे. मोठी गोष्ट म्हणजे गोष्ट सांगणं. खालची बरीच उत्तरं फिरून फिरून तिथेच येतात.

अंकावर नाव नसेल तर त्यांचं काम ओळखायचं कसं?

जुन्या अंकांत चित्रकाराचं नाव बऱ्याचदा छापलेलं नसे. क्यूबर्ट मुखपृष्ठावर सही करत, पण आतल्या पानांवर ती सापडेलच असं नाही. अशा वेळी पुढच्या खुणा बघा.

आधी डोळे. भुवईखाली दाट काळी सावली, त्यात डोळा जवळजवळ बुडालेला, दिसते ती फक्त एक चकाकी. सार्जंट रॉक या त्यांच्या गाजलेल्या सैनिक-नायकाचा थकवा त्या सावलीत आहे, सुरकुत्यांत नाही. मग कपडे. गणवेश कधी इस्त्रीचा दिसत नाही. कोपराला, गुडघ्याला चुण्या पडलेल्या असतात आणि त्या चुण्या ब्रशच्या दोन-तीन फटकाऱ्यांत, टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या रेघांनी काढलेल्या असतात. तिसरी खूण हातांची. घट्ट धरलेली बंदूक, जमिनीत रुतलेली बोटं. चेहरा लपवून नुसत्या हातावर चौकट पेलायची हिंमत फार थोड्यांत असते, त्यांच्यात ती होती.

चौथी खूण पानाच्या मांडणीची. मोठ्या चित्राच्या पोटात एक लहान चौकट बसवलेली, किंवा चौकटीविनाच मोकळा सोडलेला चेहरा. उंच अरुंद चौकटी त्यांना फार आवडत. खंदकात उतरणारा माणूस किंवा झाडावरून झेप घेणारा टारझन दाखवायचा असला की नजर आपोआप वरून खाली घसरते.

एक सावधगिरी. त्यांच्याकडे शिकलेल्या विद्यार्थ्यांचं सुरुवातीचं काम हुबेहूब त्यांच्यासारखं दिसतं. रेघ तीच असते, पण काळ्या रंगाचे ठोकळे पानभर विखुरलेले असतात. क्यूबर्ट यांच्या पानात काळा रंग वाट दाखवतो : पहिल्या चौकटीतल्या काळ्या आकारावरून नजर तिरकी खाली जाते ती थेट शेवटच्या चौकटीतल्या महत्त्वाच्या गोष्टीवर. पान उलटं धरून हे तपासता येतं. अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे फक्त काळ्याची वाट उरते.

सार्जंट रॉकचा पहिला अंक नेमका कोणता? प्रत्येक ठिकाणी वेगळा क्रमांक सांगतात.

कारण पात्र एका दमात जन्मलं नाही. क्रम असा आहे.

जी.आय. कॉम्बॅट क्रमांक ६८ (जानेवारी १९५९) : ‘द रॉक’ नावाची कथा, लेखक रॉबर्ट कॅनिगर, चित्रं क्यूबर्ट. नायक साधा शिपाई आहे, पण पुढच्या रॉकचा आडदांड हट्टीपणा इथे दिसतो.

आवर आर्मी ॲट वॉर क्रमांक ८१ (एप्रिल १९५९) : ईझी कंपनी या सैनिकी तुकडीचा सार्जंट येतो, पण नाव ‘रॉकी’. लेखन बॉब हेनी, चित्रं रॉस अँड्रू आणि माइक एस्पोसिटो. क्यूबर्ट यांचा हात नाही.

क्रमांक ८२ (मे १९५९) : पुन्हा हेनी, चित्रं मॉर्ट ड्रकर.

क्रमांक ८३ (जून १९५९) : कॅनिगर आणि क्यूबर्ट. इथून पुढे रॉक तो रॉक झाला.

विक्रेते ८१ ला ‘पहिलं दर्शन’ म्हणून चढा भाव लावतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते चूक म्हणता येत नाही. पण क्यूबर्ट यांच्या कामासाठी घेत असाल तर ८१ आणि ८२ वर पैसे घालू नका, ८३ शोधा. मासिकाचं नावच ‘सार्जंट रॉक’ झालं ते १९७७ मध्ये, क्रमांक ३०२ पासून. क्रमांक नव्याने सुरू झाले नाहीत, त्यामुळे ‘सार्जंट रॉक क्रमांक १’ शोधत बसलात तर त्या मालिकेत तो सापडणार नाही. शेवटचा अंक ४२२, साल १९८८.

रॉकच्या कथा क्यूबर्ट यांनीच लिहिल्या ना?

बहुतेक सगळ्या कॅनिगर यांच्या. सुरुवातीची वर्षं संपादकही तेच होते. क्यूबर्ट यांनी रॉकला चेहरा, चाल आणि अंगावरचं ओझं दिलं : हनुवटीखाली न बांधलेला शिरस्त्राणाचा पट्टा, छातीवरून आडवे गेलेले काडतुसांचे पट्टे, वाढलेली दाढी.

ईझी कंपनीत कृष्णवर्णीय सैनिक कसा? तेव्हा अमेरिकन सैन्यात तुकड्या वेगळ्या असत.

बरोबर, दुसऱ्या महायुद्धात वेगळ्याच होत्या. सैन्यातला हा भेद संपवायचा आदेश १९४८ चा. म्हणजे जॅकी जॉन्सन हे पात्र इतिहासाशी जुळत नाही, आणि ते जाणूनबुजून तसं आहे. तो आवर आर्मी ॲट वॉर ११३ मध्ये (डिसेंबर १९६१) आला. क्रमांक १६० मध्ये (नोव्हेंबर १९६५) या जुन्या मुष्टियोद्ध्याची गाठ एका नाझी मुष्टियोद्ध्याशी पडते आणि कथेचं शीर्षकच रक्ताचा रंग कोणता, असं विचारतं. अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर होती तेव्हाचा हा अंक आहे. इतिहासाची काटेकोर चूक काढणाऱ्यांनी साल बघून मग बोलावं.

आयुष्यभर युद्धाच्या कॉमिक्स काढल्या, मग ते युद्धविरोधी कसे?

अंक उघडून बघितले तर प्रश्न पडत नाही. त्यांच्या पानांवर जिंकल्याचा आनंद क्वचित दिसतो. दिसतो तो चिखल, पाय ओढत चालणारी माणसं आणि रिकामी झालेली जागा. १९६७ च्या सुमारास डीसी या कॉमिक्स प्रकाशनाच्या युद्धविषयक मासिकांचं संपादकपद त्यांच्याकडे आलं. व्हिएतनाम युद्ध तेव्हा पेटलेलं होतं. पुढे कथांच्या शेवटी एक वर्तुळाकार शिक्का छापला जाऊ लागला : ‘मेक वॉर नो मोअर’, युद्ध पुन्हा नको. युद्धाच्या गोष्टी विकणाऱ्या मासिकाने स्वतःच्याच मालावर असा शिक्का मारायचा, हे धंद्याच्या हिशेबात बसणारं नव्हतं.

सोबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्यूबर्ट दुसऱ्या महायुद्धात लढले नाहीत, वयाने लहान होते. १९५० मध्ये, कोरियाच्या युद्धाच्या काळात, त्यांना सक्तीच्या भरतीत बोलावणं आलं, पण नेमणूक न्यू जर्सीतली छावणी आणि जर्मनी इथे झाली. प्रत्यक्ष लढाई त्यांनी पाहिली नाही. त्यांच्याभोवती ‘रणांगण पाहिलेला चित्रकार’ अशी दंतकथा फिरते, ती सोडून द्या. रणांगण पाहिलेले होते सॅम ग्लान्झमन, आणि त्यांच्याबद्दल पुढे येतंच.

एनिमी एस एवढं नावाजलेलं असून अंक इतके थोडे का?

विकलं गेलं नाही म्हणून. नायक हान्स फॉन हॅमर हा पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक, म्हणजे अमेरिकन वाचकाच्या दृष्टीने शत्रू. त्याचं लाल तीनपंखी फोकर विमान सरळसरळ मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनची आठवण करून देतं. पहिली कथा आवर आर्मी ॲट वॉर १५१ मध्ये (फेब्रुवारी १९६५), मग १५३ आणि १५५, मग शोकेस या मासिकाच्या ५७ आणि ५८ मध्ये. स्वतंत्र मालिका म्हणून ते स्टार स्पँगल्ड वॉर स्टोरीज १३८ ते १५० या अंकांत, १९६८ ते १९७० मध्ये आलं. १५१ पासून ती जागा ‘अननोन सोल्जर’ने घेतली.

चित्रकार म्हणून क्यूबर्ट इथे शिखरावर आहेत, असं आमचं ठाम मत. आकाश काढणं अवघड असतं, कारण मागे काहीच नसतं. विमानाचा वेग कशाच्या आधाराने दाखवायचा? त्यांनी क्षितिजच तिरकं केलं, ढगांना ब्रशच्या कोरड्या फटकाऱ्यांनी पोत दिला आणि विमानाला चौकटीची कड तोडून बाहेर येऊ दिलं. मग विमान उतरल्यावर तोच वैमानिक जंगलात एका लांडग्यासोबत चालताना दिसतो, आणि ती पानं एकदम स्तब्ध, सरळ उभ्या झाडांची. वेग आणि शांतता यांची ही अदलाबदल एका कथेत किती वेळा होते ते मोजा.

फ्लॅश आणि हॉकमनशी त्यांचा संबंध काय?

शोकेस क्रमांक ४ (ऑक्टोबर १९५६) मध्ये बॅरी ॲलन हा नवा फ्लॅश आला. त्या अंकातल्या उगमकथेची पेन्सिल, म्हणजे कच्चं रेखाटन, कारमाइन इन्फँटिनो यांची, त्यावरची शाई क्यूबर्ट यांची. सुपरहिरोंचं दुसरं पर्व तिथून सुरू झालं असं मानतात, आणि त्या पानांवर दुसरा हात त्यांचा आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

हॉकमन हा पंखवाला सुपरहिरो त्यांनी दोनदा काढला : चाळिशीच्या दशकात पोरवयात, आणि पुन्हा द ब्रेव्ह अँड द बोल्ड ३४ पासून (१९६१), लेखक गार्डनर फॉक्स. सहा अंकांची चाचणी झाली : ३४ ते ३६ आणि ४२ ते ४४. खप पुरेसा नव्हता, पुढे पात्र मर्फी अँडरसन यांच्याकडे गेलं आणि त्यांच्या नितळ रेघेत १९६४ मध्ये स्वतंत्र मासिक निघालं. विज्ञानकथेच्या वाचकाला चकचकीत यंत्रं हवी होती. क्यूबर्ट यांचे पंख मात्र खऱ्या पक्ष्याचे वाटत, विस्कटलेले आणि जड.

पहिली थ्रीडी कॉमिक त्यांनी काढली हे खरं का? ती बनवायचे कशी?

खरं, पण एकट्याने नाही. शाळेपासूनचे मित्र नॉर्मन मॉरर आणि त्यांचे भाऊ लेनर्ड यांच्यासोबत. सेंट जॉन प्रकाशनाने १९५३ मध्ये मायटी माउसचा तो अंक काढला, किंमत २५ सेंट. नेहमीच्या अंकाची किंमत तेव्हा १० सेंट होती. तरी प्रती दहा लाखांच्या वर गेल्या.

कृती अशी. एका चौकटीतलं चित्र एकाच कागदावर न काढता पारदर्शक ॲसिटेटच्या अनेक थरांवर काढायचं : सगळ्यात मागे डोंगर, मग झाडं, मग माणूस, मग पुढे आलेला हात. प्रत्येक आकृतीच्या पाठीला पांढरा अपारदर्शक रंग द्यायचा, नाहीतर मागची रेघ पुढच्या माणसाच्या पोटातून दिसते. सगळे थर एकावर एक ठेवून एक फोटो घ्यायचा. मग प्रत्येक थर त्याच्या खोलीप्रमाणे थोडा थोडा बाजूला सरकवून दुसरा फोटो घ्यायचा. एक प्रतिमा तांबड्या शाईत, दुसरी हिरव्या किंवा निळ्या शाईत, एकमेकींवर छापायची. हे बघायच्या दुरंगी चष्म्याच्या तांबड्या काचेतून पांढरा कागदही तांबडा दिसतो, त्यामुळे तांबडी रेघ त्यात विरून जाते आणि दुसऱ्या रंगाची रेघ काळी दिसते. दुसऱ्या काचेतून याच्या उलट. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात आणि मेंदू त्यातून खोली तयार करतो.

काय बिघडतं तेही सांगतो. थर जास्त सरकवला तर डोळे दुखतात आणि चित्र जुळत नाही. छपाईत दोन रंगांची जुळणी जराशी हलली तर सगळी खोली बदलते. आज पडद्यावर बघताना प्रत्येक रेघेला सावली दिसत असेल तर स्कॅन करणाऱ्याने रंग ‘सुधारले’ आहेत असं समजा, कारण शाईची छटा आणि काचेची छटा जुळली नाही की दुसरी रेघ पूर्ण विरत नाही. डोंगर पुढे आणि माणूस मागे दिसला तर चष्मा उलटा धरून बघा.

लाट मात्र वर्षभरही टिकली नाही. सगळ्याच प्रकाशकांनी घाईघाईने थ्रीडी अंक काढले, वाचक कंटाळले आणि सेंट जॉन अडचणीत आलं.

टॉरचे क्रमांक इतके गोंधळाचे का?

टॉर हा आदिमानव क्यूबर्ट यांचा स्वतःचा. पहिला अंक ‘वन मिलियन इयर्स अगो’ क्रमांक १ (सप्टेंबर १९५३). त्यानंतरचे अंक थ्रीडी लाटेत ‘थ्रीडी कॉमिक्स’ या नावाखाली गेले. ‘टॉर’ असं नाव घेऊन मासिक सुरू झालं ते थेट क्रमांक ३ पासून, १९५४ मध्ये. पात्राची मालकी क्यूबर्ट यांनी स्वतःकडे ठेवली होती. सगळं प्रकाशकाच्या नावावर जायचं अशा काळात ही मोठीच गोष्ट. म्हणूनच टॉर पुढे १९७५ मध्ये डीसीकडे, १९९३ मध्ये मार्व्हलच्या एपिक विभागाकडे आणि २००८ मध्ये पुन्हा डीसीकडे असा फिरू शकला.

संपादक म्हणून ते नेमकं काय करायचे?

चित्रकार संपादक झाला की दोन धोके असतात : एकतर तो सगळ्यांना स्वतःसारखं काढायला लावतो, नाहीतर स्वतःचं काढणं बंद करतो. क्यूबर्ट यांनी रॉकच्या आतल्या पानांचं बरंचसं काम रस हीथ यांच्या हाती दिलं. हीथ यांची रेघ त्यांच्या अगदी उलट : बारीक, मोजूनमापून, रणगाड्याचा एकेक खिळा दाखवणारी. स्वतःकडे ठेवली ती मुखपृष्ठं. वाचक मुखपृष्ठ बघून अंक उचलतो, हे धंद्याचं सत्य ते जाणून होते. त्यांचं मुखपृष्ठ बघा, त्यात जवळजवळ नेहमी एक अडकलेला क्षण असतो : रॉकला न दिसणारा धोका वाचकाला दिसतो. आत काय झालं ते कळण्यासाठी पान उलटावंच लागतं.

संपादक म्हणून त्यांचा सर्वांत चांगला निर्णय कोणता असं विचारलंत तर आमचं उत्तर ‘यू.एस.एस. स्टीव्हन्स’. सॅम ग्लान्झमन दुसऱ्या महायुद्धात याच नावाच्या विनाशिकेवर नौसैनिक होते. १९७० मध्ये आवर आर्मी ॲट वॉर २१८ पासून त्यांनी त्या बोटीवरच्या आठवणी लहान लहान कथांत लिहिल्या आणि चितारल्या. बहुतेक चार पानांच्या, त्यात नायक नाही, शेवटी टाळीचं वाक्य नाही. कॉमिक्समध्ये आत्मचरित्र ही कल्पनाच तेव्हा रुळलेली नव्हती. त्यासाठी नियमित अंकातली चार पानं मोकळी ठेवणं हे संपादकाचं काम, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

टारझन २०७ पासूनच का सुरू होतो?

डीसीने हक्क घेतल्यावर आधीच्या प्रकाशकाचे क्रमांक पुढे चालू ठेवले. त्यामुळे एप्रिल १९७२ चा क्रमांक २०७ हा क्यूबर्ट यांचा पहिला. लेखन, चित्रं आणि संपादन तिन्ही त्यांचं. पहिले चार अंक, २०७ ते २१०, एडगर राइस बरोज यांच्या पहिल्या कादंबरीवर आहेत. ते एका बैठकीत वाचा. हॅल फॉस्टर यांचा वर्तमानपत्रातला टारझन बघत क्यूबर्ट मोठे झाले होते, आणि फॉस्टर यांची भव्यता इथे आहेच. फरक असा की क्यूबर्ट यांचा टारझन घाम गाळतो, खरचटतो, भुकेला असतो. चित्रपटांतला गुळगुळीत टारझन डोक्यात ठेवून बसलात तर पहिल्या पानाला दचकाल.

अंकावर तारीख फाटली असेल तर साल कसं ओळखायचं?

किमतीवरून. डीसीच्या साध्या अंकांपुरतं ढोबळ गणित : १९६१ च्या अखेरपर्यंत १० सेंट, १९६९ च्या मध्यापर्यंत १२, १९७१ च्या मध्यापर्यंत १५. मग साधारण वर्षभर २५ सेंटचे जाड अंक, त्यात जुन्या कथांची भर. मग १९७२ च्या मध्यापासून २० सेंट आणि पुन्हा ३२ पानी. जाड अंकांत पन्नाशीच्या दशकातल्या क्यूबर्ट कथा पुन्हा छापलेल्या सापडतात, त्यामुळे स्वस्तात जुनं काम हवं असेल तर हेच अंक घ्या.

नव्या चकचकीत पुस्तकात तीच पानं भडक आणि कोरडी का दिसतात?

कारण ती पानं त्या कागदासाठी काढलेली नव्हती. तेव्हा रंगांची पेटी फार लहान होती : पिवळा, तांबडा, निळा, प्रत्येकाच्या चार पायऱ्या (शून्य, २५, ५० आणि १०० टक्के), म्हणजे एकूण ६४ छटा. शाई वृत्तपत्राच्या खरखरीत कागदात मुरायची, थोडी पसरायची आणि रंग आपोआप मंद व्हायचे. क्यूबर्ट यांची रेघ या पसरण्याचा हिशेब धरून तुटक ठेवलेली असते. मध्ये सोडलेल्या फटी छापताना बुजायच्या. गुळगुळीत पांढऱ्या कागदावर शाई वरच राहते, फटी फटीच राहतात आणि शंभर टक्के पिवळा डोळ्यात घुसतो.

मूळ पानाचा आकारही कारणीभूत. १९६७ च्या आसपासपर्यंत मूळ चित्राची जागा साधारण १२.५ बाय १८.५ इंच असे, नंतर १० बाय १५ इंच झाली. छापील चित्र साधारण ६ बाय ९ इंच. म्हणजे आधी अर्धा मिलिमीटरची रेघ पाव मिलिमीटरच्या घरात उतरायची, नंतर ती ०.३ राहू लागली. साठीच्या दशकाचा पूर्वार्ध आणि सत्तरीचं दशक यांतली रेघ जाडीला वेगळी दिसते, त्यात शैलीइतकाच या कपातीचा वाटा आहे.

यावर उपाय दोन. एक, डीसीच्या शोकेस प्रेझेंट्स या पुनर्मुद्रण मालेचे कृष्णधवल जाड खंड : रॉक, एनिमी एस, हॉकमन, अननोन सोल्जर सगळे त्यात आहेत. कागद साधा, पण रेघ स्वच्छ कळते. दोन, आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने २०१२ मध्ये काढलेली टारझनची आर्टिस्ट्स एडिशन. त्यात मूळ पानं मूळ आकारात आहेत, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्यांसकट. शिकणाऱ्याने दुसरा पर्याय निदान एकदा कुठेतरी हाताळावा.

त्यांच्यासारखं शाईकाम शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

ब्रशपासून नको. आधी पान.

११ बाय १७ इंचाचा गुळगुळीत जाड कागद घ्या, त्यात १० बाय १५ ची चौकट आखा. पण त्याआधी २ बाय ३ इंचाचे सहा-सात छोटे आराखडे करा, फक्त काळा आणि पांढरा, चेहरे नाहीत. प्रत्येक चौकटीत माणूस काय करतोय ते नुसत्या काळ्या आकारावरून कळलं पाहिजे. कळत नसेल तर पोझ बदला. इथे वाचवलेला अर्धा तास पुढे दोन दिवस खातो.

मग संवादांच्या फुग्यांची जागा ठरवा. नवशिके फुगे शेवटी टाकतात आणि काढलेला हात झाकला जातो. त्यानंतर पेन्सिल, आणि पेन्सिलीत सावलीच्या रेघा मारू नका, फक्त काळ्या भागाची कड आखा आणि आत फुली मारा.

शाई करताना आधी मोठे काळे भाग ब्रशने भरा, मग आकृतीच्या कडा, शेवटी निबने पोत. उलट क्रम धरला की पोताचं प्रेम जडतं आणि काळा भरायला हात धजत नाही, पान करडं होतं. निमुळती रेघ मनगटाने नव्हे, खांद्यापासून हात हलवून येते : टेकवा, दाबा, ओढता ओढता उचला. टोकाला गोळा होत असेल तर उचलायला उशीर होतोय. कोरड्या फटकाऱ्यासाठी ब्रश शाईत बुडवून रद्दी कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा, मग कागदावर आडवा धरून ओढा.

शाई उघडी राहिली की पाणी उडून ती दाटते, रेघ अडखळते. दोन-चार थेंब शुद्ध पाणी घाला, जास्त नको, नाहीतर काळा रंग करडा होतो. पेन्सिल खोडायची घाई करू नका. वरून सुकलेली दिसणारी शाई मोठ्या काळ्या भागात आत ओली असते, रात्रभर थांबा.

आणि एक नेहमीची चूक : क्यूबर्ट यांच्या पानावर ट्रेसिंग ठेवून रेघा गिरवणं. त्याने हात वळतो, डोकं नाही. त्याऐवजी त्यांचं एक पान घ्या, त्यातल्या प्रत्येक चौकटीत कॅमेरा कुठे आहे आणि का, ते समासात लिहा. मग तीच घटना वेगळ्या कोनांतून स्वतः काढा. तुमचं पान वाईट होईल. कुठे वाईट झालं ते शेजारी ठेवल्यावर कळेल.

क्यूबर्ट स्कूल म्हणजे काय?

न्यू जर्सीतल्या डोव्हर गावी जो आणि त्यांच्या पत्नी म्युरिअल यांनी १९७६ मध्ये सुरू केलेली शाळा. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, कॉमिक्सच्या धंद्यात उभं राहण्यापुरतं सगळं : शरीररचना, कथनाची मांडणी, अक्षरलेखन, शाई. पहिल्या विद्यार्थ्यांत स्टीव्ह बिसेट आणि रिक व्हीच होते. पुढे टिमोथी ट्रूमन, टॉम मँड्रेक, जॅन डर्सेमा, अमांडा कॉनर, अलेक्स मालेव्ह इथूनच आले. क्यूबर्ट यांची मुलं ॲडम आणि अँडी हीसुद्धा इथलीच आणि दोघंही नामवंत चित्रकार. शाळेतून निघालेल्यांची कामं शेजारी शेजारी ठेवली तर रेघ एकाची दुसऱ्यासारखी नाही, पण गोष्ट सगळ्यांची कळते.

याच वाटेने एक कमी माहीत असलेलं काम : अमेरिकन सैन्याचं वाहनं-हत्यारं यांच्या निगराणीवरचं ‘पी.एस.’ हे मासिक. कॉमिक्सचे ज्येष्ठ चित्रकार विल आयझनर यांनी दोन दशकं त्याची चित्रं सांभाळली होती, २००१ पासून ते क्यूबर्ट यांच्याकडे आलं. कोणता बोल्ट कधी आवळायचा हे चित्रात सांगायचं, आणि कंटाळलेल्या शिपायाने ते वाचलं पाहिजे. आम्हाला हे त्यांच्या स्वभावाला शोभणारं काम वाटतं.

‘योसेल’ पेन्सिलीतच का छापलं? काम अपुरं राहिलं होतं का?

नाही, ते तसंच हवं होतं. २००३ चं हे पुस्तक एका ‘जर’वर उभं आहे : आपलं कुटुंब पोलंडमधून निघालंच नसतं तर? नायक योसेल हा वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत अडकलेला, चित्रं काढणारा मुलगा, आणि पुस्तकाच्या नावात १९ एप्रिल १९४३ ही तिथल्या उठावाची तारीख आहे. मुलगा हाताशी येईल त्या कागदावर पेन्सिलीने काढतोय, म्हणून पानं पेन्सिलीची : खोडलेल्या रेघा, पुसट आकार, चौकटींच्या कडा नाहीत. साठ वर्षं शाईसाठी गाजलेल्या माणसाने सगळ्यांत जवळच्या विषयाला शाई लावली नाही.

आणि ‘फॅक्स फ्रॉम सारायेव्हो’?

१९९६ चं पुस्तक, प्रकाशक डार्क हॉर्स. क्यूबर्ट यांचे युरोपातले मित्र आणि एजंट एर्विन रुस्तेमागिच १९९२ मध्ये बायकोमुलांसह सारायेव्होच्या वेढ्यात अडकले. त्यांचं घर बेचिराख झालं, सोबत जमवलेली हजारो मूळ चित्रं गेली. बाहेरच्या जगाशी संपर्क फॅक्सचा, तोही वीज आणि लाइन असेल तेव्हा. पुस्तकात ते फॅक्स आणि चित्रं एकमेकांत गुंफलेली आहेत. त्याला १९९७ मध्ये आयझनर आणि हार्वी हे कॉमिक्सचे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. आधी फक्त फॅक्सचा मजकूर वाचा, मग चित्रांसह पुन्हा. संपादक क्यूबर्ट यांनी काय न काढता सोडलं ते दुसऱ्या वेळी कळतं.

जुने अंक जपायचे कसे?

शत्रू कागदाच्या आतच असतो. वृत्तपत्री कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यातून उजेड आणि हवेने आम्ल बनतं, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, उभा ठेवा. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरत असाल तर काही वर्षांनी बदला, त्या चिकट होतात. आर्द्रता ४० ते ५० टक्के बरी. त्याहून वर गेली की पिना गंजतात आणि मधलं पान सुटतं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नका, तिचा डिंक कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो.

क्यूबर्ट यांच्या अंकांची वेगळी अडचण म्हणजे काळी मुखपृष्ठं. कण्याजवळची प्रत्येक घडी त्यावर पांढरी रेघ होऊन दिसते. काही विक्रेते ती काळ्या मार्करने झाकतात. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूने उजेडात बघा, शाई पाझरलेली दिसते.

एकच पुस्तक घ्यायचं तर?

चित्रांसाठी एनिमी एस, वाचण्यासाठी फॅक्स फ्रॉम सारायेव्हो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्यायचं असेल तर टारझन. योसेल सगळ्यांत शेवटी घ्या, तो पहिल्याच फटक्यात वाचायचा नाही.

शेवटचं काम कोणतं?

डीसीच्या बिफोर वॉचमेन मालिकेतला ‘नाइट आउल’, २०१२. पेन्सिल मुलाची, अँडीची, आणि शाई वडिलांची. तिसऱ्या अंकात ते काम थांबलं आणि उरलेली शाई बिल सिंकेविच यांनी केली. त्यानंतर त्याच वर्षी ‘जो क्यूबर्ट प्रेझेंट्स’ हा सहा अंकांचा संच सुरू झाला. त्यात स्वतःच्या कथांसोबत त्यांनी ग्लान्झमन यांना पुन्हा जागा दिली होती, आणि ग्लान्झमन यांनी पुन्हा यू.एस.एस. स्टीव्हन्सच्याच गोष्टी सांगितल्या.